ब्रसेल्सची क्रीक: चेरीची बिअर तिच्या घरी जाऊन चाखताना

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी सकाळी मी आणि पुण्याहून आलेली माझी ताई रॉटरडॅमहून ब्रसेल्सला गेलो. क्रीक नावाची आंबट चेरीची बिअर ती जिथे मुरते त्या पिंपांशेजारी उभे राहून चाखावी, एवढाच हेतू होता. वेगवान गाडी सुमारे सव्वा तासात ब्रसेल्स-मिदी स्थानकावर पोहोचते आणि तिथून अँडरलेख्ट भागातल्या कांतियों या जुन्या बिअरघरापर्यंत दहा-बारा मिनिटांत चालत जाता येते. स्थानकाचा हा परिसर फारसा देखणा नाही आणि बिअरघराची इमारतही बाहेरून एखाद्या गोदामासारखी दिसते, त्यामुळे रस्त्याचे नाव (र्यू गूड) आणि घर क्रमांक ५६ आधी लिहून ठेवलेला बरा. निघण्यापूर्वी उघडण्याचे दिवस आणि वेळाही तपासून घ्याव्यात. रविवार धरून बेत आखणाऱ्यांची हमखास निराशा होते.

हे बिअरघर कांतियों कुटुंबाने १९०० साली सुरू केले आणि १९७८ पासून ते चालते संग्रहालयही आहे. दारात तिकीट घेतले की एक पुस्तिका हाती मिळते, ती वाचत आपल्या गतीने सगळीकडे हिंडायचे आणि शेवटी तिकिटातच धरलेली चव घ्यायची, अशी व्यवस्था आहे. माझा आग्रह आहे की चव घेण्याची घाई करू नये आणि माळ्यावर जरूर जावे, कारण या बिअरमध्ये फळ काय काम करते हे समजण्यासाठी फळाआधीची बिअर समजावी लागते आणि तिचा उगम माळ्यावर आहे.

तिथे तांब्याची एक प्रचंड, उथळ परात आहे. मोड आणून वाळवलेली बार्ली सुमारे दोन भाग आणि मोड न आणलेला गहू सुमारे एक भाग घेऊन त्यांचा गोड काढा करतात, तो हॉप्स या वेलीच्या कडू फुलांबरोबर तासन्‌तास उकळतात आणि मग सुमारे ७,५०० लिटर काढा या परातीत ओतून रात्रभर उघडा ठेवतात. हॉप्सही मुद्दाम दोन-तीन वर्षे जुने वापरतात, म्हणजे त्यांचा कडूपणा व सुवास उतरतो पण नको असलेल्या जीवाणूंना रोखण्याचा गुण शिल्लक राहतो. या काढ्याला कोणी विरजण लावत नाही. झरोक्यांतून येणारी झेने नदीच्या खोऱ्याची थंड हवा, जुन्या तुळया आणि पुढे पिंपांचे लाकूड यांच्यातले जंतू व यीस्ट त्याला आंबवतात. आपल्याकडे आंबोळीच्या पिठात कोणी यीस्ट घालत नाही किंवा गोव्यात फेणीसाठी काजूच्या बोंडूंचा रस आपला आपण फसफसू देतात, तीच ही रीत. फक्त इथे काम तासांत किंवा दिवसांत आटोपत नाही, तर एक ते तीन वर्षे चालते. उन्हाळ्यात हवेत नको ते जंतू फार असतात आणि काढाही पुरेसा निवत नाही, म्हणून काढा शिजवण्याचा हंगाम साधारण ऑक्टोबर अखेर ते एप्रिलचा आरंभ एवढाच असतो. पिंपांच्या दालनात कोळ्यांची जाळी लोंबत असतात. ती झटकत नाहीत, कारण फळाच्या वासावर येणाऱ्या माश्यांचा बंदोबस्त कोळी करतात.

अशा रीतीने तयार होणाऱ्या मूळ बिअरला लँबिक म्हणतात. एक, दोन व तीन वर्षांच्या लँबिकचे मिश्रण बाटलीत पुन्हा आंबवले की तिची गूझ होते आणि लँबिकमध्ये आंबट चेरी मुरवल्या की क्रीक. ‘क्रीक’ हे या भागातल्या आंबट चेरीचेच नाव. ब्रसेल्सला लागून असलेले स्कारबेक एके काळी या चेरींसाठी प्रसिद्ध होते. तिथून गाढवांवर लादून चेरी बाजारात येत, म्हणून त्या गावाला आजही गाढवांचे गाव म्हणतात. आता त्या बागा राहिल्या नाहीत आणि क्रीकसाठी लागणारे बरेचसे फळ पूर्व युरोपातून येते. कांतियोंमध्ये लिटरला सुमारे २०० ग्रॅम चेरी या प्रमाणात अख्खे फळ, बियांसकट, उन्हाळ्यात पिंपात घालतात. यीस्ट फळातली साखर खाऊन टाकते आणि मागे रंग, आम्ल, सालीचा तुरटपणा व बीचा वास एवढेच उरते. बाटली भरताना त्यात कोवळी लँबिक मिसळतात, म्हणजे तिच्यातल्या उरलेल्या साखरेवर बाटलीत फेस धरतो.

चव घेण्याचा क्रम मी मुद्दाम ठरवून घेतला होता आणि पुढे जाणाऱ्यांनीही तो पाळावा असे मला मनापासून वाटते: आधी साधी, बिनफेसाची लँबिक, मग गूझ, मग क्रीक. ताईने पहिला घोट घेतला आणि ती म्हणाली, “अगं, हे तर आमसुलाचं पाणी बिनसाखरेचं प्यायल्यासारखं लागतंय.” आंबटपणाची तिची ही ओळख बरोबर होती, पण त्यामागे ओल्या गोणपाटाचा, जुन्या चामड्याचा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या माळघराचा एक वास होता, तो ब्रेटॅनोमायसिस या यीस्टचा. हा वास प्रथम नकोसा वाटतो. तो दोष मानून पेला बाजूला ठेवू नये. गूझमध्ये तोच वास फेसाबरोबर हलका होतो आणि लिंबाच्या सालीसारखा ताजेपणा वर येतो.

मग क्रीक आली. बाटली एका तिरक्या वेताच्या टोपलीत आडवी ठेवून ओततात, म्हणजे तळाचा साका ढवळला जात नाही. रंग गडद माणकासारखा होता आणि कडेला किंचित विटकरी झाक होती. गुलाबी फेस चटकन उतरला. आंबट बिअरमध्ये फेस टिकत नाही, त्यामुळे त्यावरून गुण कापू नयेत. नाकाशी पेला नेताच आधी चेरीची साल आली आणि मागोमाग कडू बदामासारखा एक वास. हा वास चेरीच्या बीचा. फक्त रस घालून केलेल्या बिअरमध्ये त्याची ही खोली मला कधी आढळली नाही, म्हणून मी तो परीक्षेत सर्वांत आधी शोधते. जिभेवर आंबट, मग तुरट, करवंदाच्या सालीने तोंड ओढले जावे तसे, आणि घोट गिळल्यावर एकदम कोरडेपणा. गोडी कुठेच नव्हती आणि तरीही चेरी होती. दोन मिनिटे काही न बोलता बसलो, तेव्हाही ती तोंडात होती.

संध्याकाळी शहरातल्या एका दुकानातून दुसरीच एक क्रीक आणून आम्ही मुद्दाम तुलना केली. तिचा रंग अधिक झगझगीत होता, वास सरबतासारखा, पहिला घोट सुखाचा आणि तिसऱ्या घोटाला तोंड चिकट. गोड क्रीक आवडणे यात काही वावगे नाही, ताईने ती आनंदाने संपवली. परंतु परीक्षण करायचे असेल, तर गोडी ओसरल्यावर फळ मागे राहते का, हा प्रश्न विचारावा. त्या पेल्यात मागे राहिली ती फक्त साखर.

खरेदी करताना लेबल नीट वाचावे. ‘ऊडे क्रीक’ (ऊडे म्हणजे जुनी) हे शब्द युरोपीय संघाने १९९७ पासून पारंपरिक पद्धतीसाठी राखून ठेवले आहेत. ज्यांच्यावर नुसते ‘क्रीक’ लिहिलेले असते, त्यांत बहुधा रस किंवा गोडी घातलेली असते. मात्र कांतियोंच्या बाटल्यांवर तो शब्द नसतानाही बिअर पूर्ण पारंपरिक असते, तेव्हा शब्द हा पुरावा आहे, एकमेव कसोटी नव्हे. तिथेच रासबेरीची रोझे द गांब्रिनुस मिळाली तर घ्यावी. तिचा वास क्रीकहून नाजूक आणि उडून जाणारा आहे, म्हणून ती शेवटी न घेता क्रीकच्या आधी घ्यावी, हे मला चूक करून कळले.

पोटात काही नसताना इतके आम्ल घेऊ नये. कोणत्याही जुन्या कॅफेत पावावर ताजे पांढरे चीज, मुळ्याच्या चकत्या आणि कांद्याची पात घालून देतात, त्याचा स्निग्धपणा आंबटपणा सावरतो. आम्ही तो आ ला मोर सुबीत या आरसे लावलेल्या शतकभर जुन्या कॅफेत खाल्ला. दिवसाला तीन-चार लहान पेल्यांपुढे जाऊ नये, कारण त्यानंतर जीभ बधिर होते आणि पाचवी बिअर कितीही चांगली असली तरी तिच्यावर अन्याय होतो. मध्ये पाणी आणि साधा पाव घेत राहावा.

भारतात नेण्यासाठी बाटल्या विमानाच्या हातातल्या सामानात चालत नाहीत, त्या मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळाव्यात. आपल्याकडे सीमाशुल्काशिवाय एकूण दोन लिटर मद्य आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. गूझ अनेक वर्षे ठेवली तरी सुधारते, क्रीकमधले फळ मात्र काळाबरोबर मागे सरते, म्हणून ती वर्षभराच्या आत उघडावी. बर्फासारखी गार करू नये. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावी, आदल्या दिवसापासून उभी ठेवून साका खाली बसू द्यावा आणि बूच काढताना तोंड माणसांकडे करू नये, कारण आतला दाब शॅम्पेनसारखा असतो. आमच्या दोनपैकी एक बाटली ताईने पुण्याला नेली आहे.