आमची वाटचाल: धोट्याकडून रंध्याकडे

आमचा कारखाना रंधा मशीनचा, पण सुरुवात झाली धोट्यापासून, म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी तुकड्यापासून. आण्णा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर ते सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या यंत्रमागवाल्यांना धोटे आणि धोट्याला टोला देणाऱ्या काठ्या पुरवू लागले.

मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारणारा धोटा जरा जरी वाकडा तासला गेला तर मागाबाहेर उडतो. म्हणून लाकूड आधी चोख सपाट हवं. हातरंध्यात दिवस जायचा आणि विकतचं मशीन परवडत नव्हतं. आण्णांनी भंगारातून शाफ्ट उचलला, बिडाची टेबलं ओतून घेतली आणि मशीन स्वतःच उभं केलं. शेजारचा दारं-खिडक्यावाला बघून म्हणाला, "आण्णा, असलंच एक मला बी करून द्या की."

त्याच मशीनवर त्याच्या कारागिराच्या बोटाचं पेर गेलं. ब्लॉकवर, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या रुळावर, गार्ड आम्ही दिलाच नव्हता. तेव्हा बरेच जण देत नसत, पण ते सांगून काय होतं? आण्णा तीन दिवस दवाखान्यात बसून होते. त्यानंतर गार्डशिवाय मशीन दाराबाहेर गेलं नाही.

पुढे रॅपियर माग आले. त्यांना धोटाच लागत नाही. ते काम आटलं, मशीन राहिलं. जीएसटी, २०२० चा लॉकडाऊन सगळ्यांनीच भोगला, तो इथे उगाळत नाही.

मोटर २८८० फेऱ्यांची, तिच्यावर सहा इंची पुली, ब्लॉकवर चार इंची, म्हणजे ब्लॉक ४३२० ने फिरतो. या वेगाला पाती एका उंचीवर हवीतच. त्यासाठी आण्णांची रीत आजही तीच: मेन स्विच बंद, पट्टा उतरवलेला, मागच्या टेबलावर धोट्याच्या लाकडाची सरळ पट्टी, टोक ब्लॉकवर. ब्लॉक हाताने फिरवला की पातं पट्टीला तीन-चार मिलिमीटर ओढतं. तिन्ही पाती, दोन्ही कडांना, तेवढंच ओढायला हवीत. एखादं जास्त ओढतंय म्हणजे ते एकटंच कापणार आणि फळीवर लाटा उठणार. मुलाने डायल गेज, म्हणजे उंचीतला बारीक फरक काट्यावर दाखवणारं मोजमाप, आणलाय. आणू दे.

मध्यंतरी होटगीकडचा एक सुतार जुनं मशीन टेम्पोत घालून घेऊन आला. टेबलाखाली आण्णांनी छिन्नीने घातलेला नंबर होता, १७. बेअरिंग गेलं होतं, बाकी ठणठणीत. गार्ड कुठाय विचारलं तर हसला. "मधी मधी येतंय हो मालक, काढून ठेवलंय."

नवा बसवूनच पाठवलं. बेअरिंगचे पैसे दिले त्याने, गार्डचे नाही.