शेपूट

आमच्या हायकिंग क्लबात मी शेपूट आहे. म्हणजे लायनीत सगळ्यात शेवटी चालणारा. लीडर पुढे, मधे एक शिट्टीवाला, आणि शेवटी मी, काम एकच की माझ्या मागे कोणी राहता कामा नये. हे पद मला काही कोणी मतदान घेऊन दिलेलं नाही, पहिल्याच ट्रेकला मी इतका मागे पडलो की लीडर वैतागून म्हणाला, तू मागेच चाल बाबा, म्हणजे शोधायला तरी लागणार नाही. सात वर्षं झाली त्याला, प्रमोशन नाही.

पावसात काय, गोव्यात प्रत्येक जण ट्रेकर असतो, एक धबधबा, एक रेनकोट आणि एक रील झालं की झालं. आमचा क्लब मात्र शिगम्याचे ढोल वाजायला लागले की जागा होतो. मार्च-एप्रिलचे तीन-चार रविवार ठरलेले. घरचे विचारतात, या उन्हात डोंगरावर काय ठेवलंय? कॅलेंडरवर वसंत लिहिलेला असतो हे खरं, पण आमचा वसंत सकाळी नऊ वाजता संपतो आणि मग उन्हाळा सुरू होतो, म्हणून फोंड्याहून आमची गाडी पाचला सुटते, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजायच्याही आधी. बेकरीच्या मागच्या दारातून घेतलेले गरम उंडे पाव मांडीवर घेऊन बसायचं, आणि साखळीला पोचेपर्यंत निम्मे कोरडेच संपलेले असतात, मग पातळ भाजी कशाशी खायची हा दर वर्षीचा प्रश्न.

डोंगर तसे आमचे काही फार मोठे नाहीत. गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर सत्तरी तालुक्यातला सोसोगड, तोसुद्धा हजार मीटरच्या थोडा वर. हिमालय करून आलेला एक जण दर ट्रेकला हे ऐकवतो आणि पहिल्या चढावर माझ्याच पुढ्यात धापा टाकत बसलेला असतो. मागे असण्याचा हा एक फायदा, कोणाचं काय खरं ते बरोबर कळतं. पुढच्यांना शिखर दिसतं, मला फक्त टाचा दिसतात. कोणाची लेस सुटली, कोण भांडून आलंय, कोणी बायकोला न सांगता नवीन बूट घेतले, सगळं टाचांवरून समजतं.

दुसरं म्हणजे आवाज. मार्चमध्ये रानात पानगळ झालेली असते, पाचोळा नुसता पापडासारखा वाजतो, चोवीस माणसं त्यावरून चालली की शिगम्याची मिरवणूक बरी. गवे, भेकरं सगळे आधीच निघून जातात. पण लायन वळणापलीकडे गेली की मी मुद्दाम दोन मिनिटं थांबतो, मग आवाज हळूहळू निवतो आणि रान परत स्वतःचं काहीतरी बोलायला लागतं, वर कुठेतरी शेकरू खर्र करतं, बांबू एकमेकांवर घासतात. मग शिट्टी येते. शेपूट कुठाय?

फुलं बघायचीत तर खाली बघावं लागतं हेही मला मागेच कळलं. कुंभ्याचं फूल रात्री उमलतं आणि सकाळी त्याचे गुलाबी-पांढरे केसर वाटेवर गळून पडलेले असतात, दाढीच्या ब्रशसारखे, आणि माझ्यापर्यंत येईतो त्यावर तेवीस जणांच्या बुटांचे ठसे. अंजनी तेवढी वाचते कारण ती फांदीला चिकटून फुलते, निळी-जांभळी, झाडाला कोणी शाईत बुडवून काढल्यासारखी. आणि कोशिंबाची नवी पालवी, ती लांबून बघितली तर आग लागल्यासारखी लाल.

आग हा शब्द मात्र आता आम्ही जपून वापरतो. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर दिवसचे दिवस वणवे पेटत होते, नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं वरून पाणी टाकत होती, आणि त्या रविवारी आम्ही सगळे घरी बसून मोबाइलवर आमच्याच वाटा जळताना बघत होतो. त्यानंतर परवानगीशिवाय अभयारण्यात जायचं नाही हा नियम, आणि बरंच झालं म्हणतो मी. आमचा स्वतःचा पण एक नियम आहे, गाडीतून उतरताना काडेपेट्या आणि लायटर सगळे एका पिशवीत गोळा करायचे आणि ती पिशवी शेपटाकडे. त्यामुळे माझ्याशी दिवसभर सगळ्यात प्रेमाने बोलणारे लोक म्हणजे क्लबातले सिगरेटवाले.

गेल्या वर्षी वाघेरीला गेलो होतो, केरीच्या वरचा डोंगर. चढताना सगळं ठीक, वरून खाली अंजुण्याच्या धरणाचं पाणी दिसलं, फोटो झाले, लाडू झाले. उतरताना माझ्या उजव्या बुटाचा सोल सुटला. म्हणजे पुढून उघडला, मगरीच्या जबड्यासारखा, प्रत्येक पावलाला आ करायचा आणि एक पान गिळायचा. आता गंमत अशी की शेपटाच्या मागे कोणी नसतं. हाक मारली तर पुढचे समजतात मागून कोणीतरी पक्षी दाखवतंय, हात हलवून पुढे जातात. रुमाल बांधला, तो दहा मिनिटांत फाटला. मग एका पायावर बूट आणि दुसऱ्यावर जबडा असा मी काजूच्या बागेत उतरलो.

तिथे एक म्हातारे बाबा बोंडू, म्हणजे काजूची फळं, तुडवत होते. कातळातल्या खड्ड्यात, पाय पोटऱ्यांपर्यंत चिकट, भोवती मधमाश्या, आणि तो वास, गोड, आंबूस, घशात जाऊन बसणारा, ज्याला गोव्यात मार्च म्हणतात. माझ्याकडे, मग माझ्या पायाकडे बघून म्हणाले, "किदें रे बाबा, फाटीं उरलो?" मी म्हटलं माझं कामच ते. त्यावर ते इतके हसले की तोल जायची वेळ आली. मग बाहेर आले, झोपडीच्या आड्याला अडकवलेला सुंभ घेतला, बुटाला आडवे तीन वेढे, एक टाचेमागून, आणि अशी काही गाठ मारली की पाय बुटात आहे की बूट पायात ते कळेना. वर एक ग्लास नीरो दिला, बोंडूंचा नुकताच गाळलेला रस. हा सकाळी प्यायचा, दुपारनंतर त्याचं मन बदलायला लागतं, आणि भट्टीतून गेला की पहिल्या धारेचा हुर्राक, परत गेला की फेणी, असं सगळं त्यांनी मला नवशिक्यासारखं समजावून सांगितलं आणि मीपण पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकलं. पैसे घेतले नाहीत. लाडवाचा डबा उघडून पुढे केला, तर एक घेतला आणि एक नातवाला म्हणून टोपीत कानाजवळ ठेवला.

गाडीपाशी पोचलो तेव्हा तेवीस जण घामेजून बसलेले, हुर्राक आणि लिम्काच्या गप्पा नुसत्याच तोंडी चाललेल्या, आणि माझ्या शर्टावर नीऱ्याचे डाग. काजूचा डाग जात नाही हे सगळ्या गोव्याला माहीत असल्यामुळे खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. लीडर म्हणाला, आम्ही इथे चाळीस मिनिटं काळजी करतोय. कोणाच्याही तोंडावर काळजी दिसली नाही, तहान दिसली. सिगरेटवाल्यांनी तेवढं मनापासून स्वागत केलं, पिशवी माझ्याकडे होती ना.

सोमवारी बूट घेऊन चांभाराकडे गेलो. त्याने बूट हातात फिरवला, सुंभाची गाठ ओढून बघितली, परत ओढून बघितली, आणि म्हणाला सोल चिकटवून देतो साहेब, पण हे काढू नका, माझ्या शिलाईपेक्षा हेच जास्त टिकेल. यंदाचा पहिला ट्रेक पारोड्याच्या चंद्रनाथाला आहे, अर्धी वाट पायऱ्याच. सुंभ अजून तसाच आहे.