नखाने निघालेला रंग

बोनेटवर नख फिरवलं आणि लाल रंगाची सालच निघाली. आठच दिवसांपूर्वी मारलेला रंग. जुनी मॅसी ट्रॅक्टर, घरच्या अंगणातच रंगवलेली.

"रंग हलका लागला," असं शेजारी म्हणाले. पण सालीची आतली बाजू बोटाला तेलकट लागत होती. दोष रंगाचा नाही, रंगाआधीच्या धुण्याचा.

ग्रीस काढायला डिझेल चांगलंच, पण ते स्वतः पातळ तेलाचा थर मागे ठेवतं. त्यावर साबणाचं गरम पाणी, पूर्ण वाळवण, मग थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसणं हवंच. फडकं सारखं बदलायचं, नाहीतर तेच तेल पुन्हा सगळीकडे पसरतं. हायड्रॉलिकच्या तेलाची गळती आधी सील बदलून थांबवायची.

पुढे घासायला 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220. उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत सकाळपर्यंत गंज धरतो. रेड ऑक्साइड प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) त्याच दिवशी. नुसत्या प्रायमरवर गाडी पावसात उभी करू नका, त्यातून ओल आत जाते.

आणि जुन्या इनॅमलवर (ऑइल पेंटवर) एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग नको, खालचा थर सुरकुततो.

तुम्ही रंगाआधी डिझेलची टाकी उतरवता, की जागेवरच झाकता?