लंडनची स्प्रिंट ट्रायथलॉन : डॉकमधलं पोहणं, हॉलमधली पळापळ आणि पुढच्या वेळी जाणाऱ्यांसाठी थोडंफार

आधीच सांगते, मी काही भारी ॲथलीट वगैरे नाही. चाळिशी ओलांडलीये, लंडनजवळ स्लाउला राहते, ऑफिस आणि पोरांचे क्लास यातून उरेल त्या वेळात ट्रेनिंग. माझा टायमिंग विचारू नका, पोडियमवाल्यांची आंघोळ होऊन जेवणं झाली असतील तेव्हा मी आले. तरी लिहितेय कारण आमच्याकडच्या मराठी मंडळींत आता पार्करन (शनिवार सकाळची फुकटातली ५ किमी धाव) करणारे ढीगभर झालेत, सायकली पण आल्यात, आणि ट्रायथलॉनचं, म्हणजे लागोपाठ पोहणं, सायकल आणि पळणं असलेल्या रेसचं, नाव काढलं की सगळे एकच विचारतात, "ते पोहायचं कसं जमणार?" पोहण्याचं सांगतेच, पण माझं म्हणणं असंय की या रेसमध्ये खरा घोळ पोहण्यात नाही, पोहून वर आल्यापासून सायकलवर बसेपर्यंत जो काही प्रकार चालतो त्यात आहे, आणि त्याची तयारी कोणीच करत नाही.

तर ही रेस म्हणजे रॉयल व्हिक्टोरिया डॉकवर, एक्सेल सेंटर या प्रचंड मोठ्या प्रदर्शन हॉलला होते ती. वर्षानुवर्षं लंडन ट्रायथलॉनच म्हणायचे, २०२४ पासून टी१०० चं नाव लागलंय. टी१०० म्हणजे प्रो लोकांचं २ किमी पोहणं, ८० किमी सायकल आणि १८ किमी पळणं, एकूण १००. घाबरू नका, ते त्यांचं. आपल्यासारख्यांसाठी त्याच वीकेंडला छोटे प्रकार असतात, त्यातली स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं. ही इमारत आपल्यासाठी तशी खास आहे बरं का, २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये भारताला जी सहा मेडल मिळाली त्यातली तीन इथलीच, मेरी कोमचं ब्राँझ, योगेश्वर दत्तचं ब्राँझ आणि सुशील कुमारचं सिल्व्हर. मी हे नवऱ्याला आदल्या दिवशी मोठ्या उत्साहात सांगितलं तर हा म्हणतो, "चौथं आणू नकोस, ठेवायला जागा नाही."

जायचं कसं ते सांगते कारण सायकल घेऊन लंडनमध्ये फिरणं हाच एक वेगळा इव्हेंट आहे. पश्चिमेकडून येणाऱ्यांना, म्हणजे स्लाउ, हेज, साउथॉलवाल्यांना एलिझाबेथ लाइन बेस्ट, थेट कस्टम हाउसला उतरायचं, समोरच एक्सेल. गाडी अ‍ॅबी वूडची बघा, शेनफिल्डची नको, व्हाइटचॅपलनंतर फाटा फुटतो. वीकेंडला सायकल चालते, फक्त सकाळी लवकरची वेव्ह (एकत्र सुटणारी तुकडी) असेल तर पहिली गाडी किती वाजता आहे ते आधी बघा, रविवारी गाड्या उशिरा सुरू होतात आणि वीकेंडलाच रुळांची कामं पण निघतात. डीएलआरमध्ये (पूर्व लंडनची छोटी रेल्वे) पण गर्दीची वेळ सोडून सायकल चालते पण बँक स्टेशनला नाही चालत, आणि ट्यूबच्या खोल बोगद्यांच्या भागात तर नाहीच. कारने दक्षिणेकडून येणार असाल तर लक्षात ठेवा, एप्रिल २०२५ पासून ब्लॅकवॉल आणि सिल्व्हरटाउन दोन्ही बोगद्यांना पैसे पडतात. भारतातून कोणी हौसेने येणार असेल तर सायकल बॉक्समध्ये घालून आणण्यापेक्षा इथे भाड्याने घ्या असं माझं मत, २० किलोमीटरसाठी एवढी यातायात कशाला.

वेव्हची वेळ काय मिळते त्यावर बरंच काही ठरतं. हजारो लोक असतात त्यामुळे दिवसभर ठरावीक अंतराने वेव्ह सुटत राहतात, कोणाची सकाळी सात, कोणाची दुपारी एक. दुपारची असेल तर सकाळचा नाश्ता आणि रेस यात एवढा वेळ जातो की पुन्हा भूक लागते, तिथे रांगेत उभं राहून काहीतरी तेलकट खाल्लं की सायकलवर त्रास होतो. मी रात्री साधा वरणभात, सकाळी थोडा शिरा आणि चहा, बरोबर केळं. शिरा ही माझी शोधून काढलेली एनर्जी जेल आहे, स्वस्त आणि पोटाला सवयीची. नवीन काही त्या दिवशी खायचं नाही, फुकट वाटत असले तरी नाही.

आता पाणी. डॉक १८५५ चा आहे, पूर्वी इथे खऱ्या मोठ्या बोटी लागायच्या. या रॉयल डॉक्समध्ये येणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटींवर आपल्या रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याचे स्टुअर्ड असायचे म्हणजे या धक्क्यावर मराठी-कोकणी आपल्या खूप आधी ऐकू आलेली आहे. असो. महत्त्वाचं म्हणजे डॉक लॉकच्या दारांनी थेम्सपासून वेगळा आहे, त्यामुळे भरती-ओहोटी नाही, ओढ नाही, लाटा नाहीत. पण खोल आहे, पाय टेकत नाहीत, आणि पाणी हिरवट काळं, स्वतःचा हात कोपरापर्यंत दिसला तरी नशीब. पूलमध्ये शिकलेल्यांना इथेच धडकी भरते. मी सांगलीची, कृष्णेत पोहलेली, त्यामुळे तळ न दिसण्याची सवय होती, तरी थंडीची नव्हती. आईला फोनवर सांगितलं तर तिचं आपलं, "अगं पण खाली काय आहे ते बघितलंस का?" नाही बघितलं आई, दिसतच नाही.

उन्हाळ्यात पाणी साधारण २० डिग्रीच्या आसपास असतं. त्या दिवशी सकाळी मोजून सांगतात, नियम असा की १४ च्या खाली असेल तर वेटसूट (पोहण्याचा रबरी अंगभर सूट) सक्तीचा आणि २२ च्या वर गेलं तर वेटसूट बंद. मधलं असेल तर तुमची मर्जी, पण पोहण्यात कच्चे असाल तर घालाच, त्याच्या रबरामुळे पाय आपोआप वर तरंगतात, अर्धी मेहनत वाचते. विकत घ्यायची गरज नाही, सीझनसाठी भाड्याने मिळतो. सर्फिंगवाला घेऊ नका, त्यात खांदे फिरत नाहीत. घालताना पायात प्लास्टिकची पिशवी घाला म्हणजे सरकतो, नखं कापून ठेवा नाहीतर रबर फाटतं, आणि मानेला मागे ल्युब (घासू नये म्हणून लावायचं मलम) लावा, नाहीतर तिथे असं सोलवटतं की दोन दिवस ड्रेसचा गळा टोचतो. आणि घालून किमान काही वेळा तरी उघड्या पाण्यात पोहून बघा, याच डॉकमध्ये उन्हाळ्यात पैसे भरून पोहता येतं.

पाण्यात उतरल्यावर पहिलं मिनिट वाईट. छाती आवळते, श्वास लागतो, वाटतं की संपलं, आपल्याला जमणार नाही. हे थंड पाण्याने होतं, सगळ्यांना होतं आणि मिनिट-दोन मिनिटांत जातं. सुटायच्या आधी तोंडावर पाणी मारा, गळ्याजवळून थोडं पाणी सूटमध्ये जाऊ द्या, तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडा. घाई करून फ्रीस्टाइल मारायला जाऊ नका. माझ्या शेजारची एक बाई पहिली शंभरेक मीटर ब्रेस्टस्ट्रोकनेच गेली, मान वर ठेवून, आरामात, आणि पुढे तिनेच मला मागे टाकलं. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, पाठीवर पडून राहिलं तरी चालतं. आणि हे फार लोकांना माहीत नसतं, दम लागला तर मदतीसाठी फिरणाऱ्या कयाकला, म्हणजे छोट्या होडीला, धरून थांबायची परवानगी असते, फक्त त्याला धरून पुढे जायचं नाही. हात वर केला की कयाकवाले येतात. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली होती.

कोपऱ्यातून किंवा मागून सुटा, मधोमध गेलात तर लाथा बसतात. दर सहा-आठ हातांनी डोळे फक्त पाण्याच्या वर काढून बोया (वाट दाखवणारा तरंगता फुगा) बघायचा, मगरीसारखं, सांगलीच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पूलसारखी खाली निळी रेघ नाही, त्यामुळे न बघता पोहणारे वाकडे जाऊन ७५० चे ९०० करून घेतात.

वर आलात की खरी गंमत. स्वयंसेवक हात देऊन वर घेतात, डोकं गरगरत असतं, आणि तिथेच वेटसूट काढून पिशवीत टाकायचा, कारण पुढे एक्सेलच्या आत जायचंय आणि सूटमधल्या पाण्याने फरशी निसरडी होते. सुट कमरेपर्यंत चालता चालता उतरवा, मग पायांसाठी थांबा. मग ती ओली जड पिशवी काखेत घेऊन वर हॉलमध्ये पळायचं. आणि हॉल म्हणजे किती मोठा, लग्नाचे पंचवीस हॉल मावतील, नजर जाईल तिथपर्यंत सायकलीच सायकली आणि सगळ्या रांगा सारख्या. माझ्या डोळ्यासमोर एक माणूस हेल्मेट घालून तीन रांगा फिरत होता, सायकल सापडेना, शेवटी बिचारा मोठ्याने हसायला लागला.

म्हणून सायकल लावून झाली की लगेच चहा प्यायला जाऊ नका. पोहून आत येतात त्या दारापासून तुमच्या जागेपर्यंत एकदा चालत जा, मग तिथून सायकल बाहेर काढायच्या दारापर्यंत, मग सायकल परत आणून पळायला बाहेर जायच्या दारापर्यंत. रांगा मोजा, भिंतीवरची किंवा खांबावरची न हलणारी खूण धरा. शेजारच्या लाल सायकलची खूण धरू नका, ती तुमच्या आधी निघून जाईल. फुगा-बिगा बांधायला परवानगी नसते. जागा अगदी थोडी मिळते, छोटा टॉवेल, त्यावर बूट उघडून ठेवलेले, मोज्यात पावडर, म्हणजे ओल्या पायात जातात. मोठी बॅग तिथे ठेवू देत नाहीत.

हेल्मेटचा नियम कडक आहे. आधी हेल्मेट घालून बक्कल लावायचं, मग सायकलला हात लावायचा. परत आल्यावर सायकल अडकवेपर्यंत बक्कल सोडायचं नाही. हॉलमध्ये सायकलवर बसायचं नाही, बाहेर आखलेल्या रेघेच्या पुढे गेल्यावरच. हे छोटं वाटतं ना, २०१२ ला हाइड पार्कात ब्रिटनच्या जॉनी ब्राउनलीला रेघेच्या आधी सायकलवर बसल्याबद्दल १५ सेकंद थांबवलं होतं, घरच्या प्रेक्षकांसमोर, ऑलिम्पिकमध्ये. त्याला तरी ब्राँझ मिळालं, आपल्याला आपलं पूर्ण करायचंय. नंबर बेल्टला लावा, सायकलवर पाठीमागे, पळताना पुढे फिरवायचा. वेळ मोजायची चिप डाव्या घोट्याला, कारण चेन उजवीकडे असते.

सायकल कुठलीही चालते, मी हायब्रिडवाले, माउंटन बाइकवाले सगळे बघितले. फक्त ब्रेक दोन्ही चालले पाहिजेत आणि हँडलच्या टोकाला बुचं पाहिजेत, नाहीतर आत सोडत नाहीत. रस्ते बंद असतात, हेच मोठं सुख, ॲस्पेन वेवर एरवी सायकल घेऊन जायचा विचारसुद्धा करता येत नाही आणि इथे कॅनरी वॉर्फचे टॉवर बघत आपण निवांत पॅडल मारतोय. रूट वेव्हप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतो, लाइमहाउस लिंकचा बोगदा वाट्याला आला तर काळा गॉगल घालून जाऊ नका, घड्याळाचं जीपीएस पण आत मरतं. बोगद्यात जो तो ओरडतो, तुम्ही पण ओरडून घ्या. डावीकडून चालवायचं, उजवीकडून ओव्हरटेक, आणि पुढच्याच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायचा नाही, साधारण १० मीटर अंतर, पेनल्टी असते. लॅप असतील तर स्वतः मोजा, तिथे कोणी सांगायला नाही. आणि पाणी सायकलवरच पिऊन घ्या.

पळण्याबद्दल फार नाही. सपाट आहे, धक्क्याच्या कडेने, सावली कमी. पहिला किलोमीटर पाय आपले वाटतच नाहीत, यासाठी घरी सायकलवरून उतरून लगेच पंधरा मिनिटं पळायची सवय करा, आठवड्यातून एकदा पुरे. वर केबल कार दिसते, बाजूला जुन्या क्रेन उभ्या आहेत, सिटी एअरपोर्टची विमानं अगदी डोक्यावरून. शनिवारी दुपारी तो विमानतळ बंद होतो तो थेट रविवार दुपारपर्यंत, त्यामुळे विमानं बघायला पोरांना आणणार असाल तर वेळ बघून आणा. घरच्यांना उभं करायला ही पळण्याची बाजूच चांगली, सायकलवर माणूस दिसेपर्यंत निघून जातो.

खर्चाचं म्हणाल तर प्रवेश फी कमी नाही, लवकर भरली तर वाचतात. ब्रिटिश ट्रायथलॉनचे सभासद नसाल तर एका रेसपुरता पास वेगळा घ्यावा लागतो, ते फॉर्म भरतानाच येतं. पहिलीच असेल आणि एवढी गर्दी नको असेल तर आधी तुमच्या भागातली एखादी छोटी पूलवाली स्प्रिंट करा, तिथे ४०० मीटर पूलमध्ये पोहायचं असतं, आणि मग इथे या.

संपल्यावर सायकल काढताना सायकलवरचा नंबर आणि हातातला बँड जुळवून बघतात, बँड रेस झाली म्हणून लगेच तोडू नका. ओल्या वेटसूटसाठी एक जाड पिशवी आणि कोरडे कपडे वेगळे ठेवा, ट्रायसूटमध्ये (तिन्ही प्रकारांत अंगावर असणारा घट्ट सूट) ट्रेनमध्ये बसायची माझी तरी हिंमत नाही. आम्ही परत जाताना ईस्ट हॅमला गेलो, अगदी जवळ आहे, हाय स्ट्रीट नॉर्थवर डोसेवाले लागून लागून आहेत. सायकल आत घेऊ देतील का ते आधी विचारा, आम्ही आळीपाळीने बाहेर उभं राहून खाल्लं.