आकडा मेंदूचा की कातडीचा?

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आता इंदुरात घरोघरी सापडतं. ते रक्ताचा रंग बघतं. १९७७ मध्ये फ्रान्स योब्सिस यांनी दाखवलं की जवळचा अवरक्त प्रकाश कवटी पार करून मेंदूतल्या ऑक्सिजनची खबर आणतो. तिथंही वाचला जातो तो रंगच. पण ऑक्सिजन उतरला तर रक्त कमी पोचतंय की मेंदूचा खर्च वाढलाय, हे नुसत्या रंगावरून ठरत नाही. त्यासाठी प्रवाहच मोजावा लागतो.

प्रवाह मोजायची एक रीत म्हणजे डिफ्यूज कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपी, थोडक्यात डीसीएस. कपाळावर लेझर सोडायचा आणि अडीच सेंटिमीटरवर परत बाहेर येणारे फोटॉन मोजायचे. लाल पेशी हलतात तसा बाहेर येणारा प्रकाश लुकलुकतो. प्रवाह जितका जोरात, तितकं हे लुकलुकणं झपाट्यानं बदलतं, कपाळावर मायक्रोसेकंदांच्या हिशेबात. कोरिलेटर, म्हणजे प्रकाश क्षणापूर्वीच्या स्वतःशी किती जुळतो हे मोजणारं यंत्र, त्या जुळणीचा वक्र काढतो आणि वक्राच्या उतारावरून प्रवाहाचा निर्देशांक मिळतो.

लेझर ७८५ नॅनोमीटरचा, एकाच मोडचा (लाटांचा एकच आकृतिबंध असलेला) आणि काही मीटर कोहेरन्स लांबीचा (तेवढ्या अंतरापर्यंत लाटा एका तालात ठेवणारा) हवा. साधा पॉइंटर इथं कामाचा नाही. प्रकाश परत आणायला सिंगल-मोड फायबर (प्रकाशाला एकच वाट देणारा बारीक काचतंतू) आणि त्याच्या टोकाला एकेक फोटॉन मोजणारा डिटेक्टर. अडीच सेंटिमीटरवर एका फायबरमधून सेकंदाला साधारण दहा ते तीस हजार फोटॉन येतात. अंतर एक सेंटिमीटर वाढवलं की मोजणी जवळपास दहापट घटते, म्हणून तीन सेंटिमीटरचा मोह आवरावा. चार फायबर आणि चार डिटेक्टर लावले तर मोजणीतला गोंगाट निम्मा होतो; पैसे तिथं खर्च करावेत.

७८५ नॅनोमीटरला कातडीसाठी प्रकाशाची सुरक्षित मर्यादा चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० मिलिवॅट आहे. साडेतीन मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यात ती २८ मिलिवॅटच्या आसपास बसते. हा प्रकाश डोळ्याला फिका लाल दिसतो, आणि धोका त्यातच आहे, कारण तो दिसतो त्यापेक्षा कितीतरी तीव्र असतो. त्या तरंगलांबीचा चष्मा लावल्याशिवाय खोलीत कुणीही नको. प्रोब (कपाळावर टेकवायचा फायबरचा भाग) काढण्याआधी लेझर बंद.

माणसावर लावण्याआधी द्रावणावर तपासा. २० टक्क्यांचं इंट्रालिपिड (शिरेतून द्यायचं दुधाळ चरबीचं द्रावण) ५० मिली आणि पाणी ९५० मिली घेतलं की एक टक्क्याचं दुधी द्रावण होतं. त्याचं प्रकाश विखुरणं ऊतींच्या जवळपास येतं. ड्रॉइंगच्या काळ्या शाईचे थेंब टाकून शोषण वाढवता येतं. द्रावणाचं तापमान मात्र लिहून ठेवाच. अंशागणिक पाण्याची चिकटण सुमारे दोन टक्के घटते आणि कण तितके जलद हलतात. मे महिन्यात इंदूरची खोली सकाळी २८ आणि दुपारी ३८ अंशांवर असेल तर तेच द्रावण दुपारी पाचव्या हिश्श्याहून जास्त 'प्रवाह' दाखवेल. यंत्र बिघडलं म्हणून ते खोलत बसू नये.

पुढचा शत्रू म्हणजे बाहेरचा उजेड. ध्रुवीकरणाचा फिल्टर (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश सोडणारा) नसेल तर वक्राची एकच्या वरची सुरुवातीची उंची, म्हणजे बीटा, ०.५ च्या आसपास हवी. मोजणीत २० टक्के फोटॉन खिडकीतून आलेले असतील तर बीटा ०.८ च्या वर्गानं घटून ०.३२ वर येते. इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधून दाट काळं मखमल आणून डोक्यावर दुहेरी घ्या. वक्राच्या शेपटीत दर दहा मिलिसेकंदांनी लाट दिसली तर दोष ट्यूबलाइटचा, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला शंभरदा लुकलुकते. शेपटी एकवर न टेकता वरच राहिली तर पंख्यानं किंवा कूलरनं फायबर हलतंय. ते टेपनं बांधा.

जागा भुवईच्या दोन बोटं वर आणि मध्यरेषेपासून बाजूला. मध्यभागी आत मोठी शीर असते, भुवईलगत हवेची पोकळी, आणि फार कडेला सरकलात तर दात आवळताना हलणारा स्नायू. कुंकू, गंध, खोबरेल तेल पुसून घ्या. टेपखाली घाम साचला तर प्रोब सरकतो.

एवढं जमल्यावरच खरा प्रश्न येतो. मोठ्यांच्या कपाळावर कातडी आणि हाड मिळून एक ते दीड सेंटिमीटर जाडी असते, आणि अडीच सेंटिमीटरच्या फायबरलाही बराच संकेत तिथूनच मिळतो. म्हणून लेझरपासून पाच ते आठ मिलिमीटरवर दुसरं फायबर हवंच. त्याला जवळपास फक्त कातडी दिसते. (मोजणी बेसुमार असते, डिटेक्टरपुढे प्रकाश कमी करणारा फिल्टर लावा.) मग प्रोब बोटांनी काही सेकंद दाबा. जवळचा निर्देशांक धाडकन कोसळायला हवा आणि लांबचा थोडाच उतरायला हवा. दोन्ही सारखेच कोसळले तर लांबचं फायबरही कातडीच मोजतंय. ही चाचणी वगळून काढलेल्या आलेखावर माझा विश्वास बसत नाही, मग तो कितीही सुबक असो.

त्यानंतर, हृदयविकार किंवा श्वासाचा त्रास नसलेल्या माणसाला, नेहमीसारखा श्वास सोडून २० सेकंद रोखायला सांगा. कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूचा प्रवाह वाढतो, म्हणून लांबचा निर्देशांक चढून पुन्हा पूर्वपदावर यायला हवा. जवळचाही तितकाच चढला तर त्या चढाला मेंदूचा म्हणू नये.

निर्देशांकाचं एकक चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद असतं. मेंदूच्या १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिली रक्त लागतं, पण त्या मिलीत हा आकडा थेट बदलता येत नाही. शिवाय प्रकाश किती विखुरतो हे बहुधा गृहीत धरलेलं असतं, आणि ते चुकलं की निर्देशांक बराच चुकतो. म्हणून त्याच माणसाच्या, त्याच बैठकीतल्या सुरुवातीच्या पातळीशी तुलना करून टक्केवारी लिहावी. प्रोब काढून पुन्हा लावायचा असेल तर पेननं त्याच्या कडा कपाळावर आखून ठेवा, आणि बसलेल्या स्थितीतली नोंद आडव्या स्थितीतल्या नोंदीशी जोडू नका.