प्रश्न विचारायचा नाही

मंगळवारी रात्री मास्तरांनी मला सगळ्यांसमोर थांबवलं. मास्तर म्हणजे माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालणारा पोरगा. शिकागोत बेलमाँट स्टेशनजवळच्या एका तळघरात आमचा इम्प्रोव्हचा वर्ग भरतो. संहिता नाही, पाठांतर नाही, उभं राहायचं आणि सुचेल तसं नाटक करायचं. (फी किती ते विचारू नका, आईसुद्धा हे वाचते.) समोरच्याने जे मांडलं त्याला ‘हो’ म्हणायचं आणि पुढे आपलं काही जोडायचं, हा त्यातला गाजलेला नियम तुम्ही ऐकला असेल. तो मला जमतो. माझं घोडं अडलं दुसऱ्याच नियमावर.

झालं असं, की माझ्यासोबतच्या बाई, साठीच्या, निवृत्त नर्स, वाकून काहीतरी जड उचलल्यासारखं करत आल्या. मी आपला चांगल्या घरचा मुलगा. म्हणालो, ‘‘काय आहे ते? कुठून आणलंत? जड आहे का? मदत करू का?’’ टाळी वाजली. म्हणजे थांबा.

‘‘चार प्रश्न विचारलेस,’’ मास्तर म्हणाला, ‘‘आणि तिला दिलं काहीच नाहीस. ते काय आहे, कुठून आलं, सगळं तिनेच शोधायचं. तू नुसता उभा.’’

पुन्हा केलं. त्या वाकून आल्या. मी म्हणालो, ‘‘सांभाळून. त्या बरणीत आजीचं लोणचं आहे.’’ बाई जागच्या जागी रडवेल्या झाल्या आणि म्हणाल्या, ‘‘होतं. अर्धं मी वाटेत खाल्लं.’’ वर्ग हसत सुटला. लोणचं म्हणजे काय हे तिथे कितीजणांना कळलं असेल देव जाणे, पण पुढची पाच मिनिटं आम्ही दोघं आजीला काय सांगायचं तेच ठरवत होतो.

तरी घरी येताना ट्रेनमध्ये मी मनातल्या मनात त्या पोराशी भांडत होतो. अरे बाबा, आमच्यात प्रश्न हा प्रश्न नसतोच! इंदूरला आमच्या रामबागेत हातात पिशवी घेऊन निघालं की ओट्यावरचे काका विचारणारच, ‘‘काय, बाजारात?’’ त्यांना दिसतंय. आपण ‘‘हो ना’’ म्हणायचं, झालं. रविवारी ‘‘काय, आज सुट्टी?’’, ओल्या केसांकडे बघत ‘‘आंघोळ झाली?’’. यात कोणी कोणावर ओझं टाकत नाही. तुमच्याकडे पायाला प्लास्टर असलेला माणूससुद्धा ‘हाऊ आर यू’ला ‘गुड’ म्हणून लंगडत जातो, ते चालतं. आमचं ‘जेवलास का’ तेवढं चुकीचं. आणि ऐनवेळी सुचेल ते बोलणं आम्हाला कोण शिकवणार? तमाशातल्या बतावणीला कुठे लिहिलेले संवाद असायचे? कथानक ठरलेलं, बाकी सोंगाड्याची जीभ आणि समोरचे प्रेक्षक. (इंदूरकरांचा तमाशाशी काय संबंध, असं पुणेकर म्हणतील. म्हणोत. तिथल्या ‘सानंद’ संस्थेच्या मराठी नाटकाला आमच्या घरातून आजवर एकही खुर्ची रिकामी गेलेली नाही.)

मग त्या नियमाचं मूळ शोधायला बसलो, खरं तर त्यातली चूक काढायला, आणि जरा नरमलो. इम्प्रोव्हचे हे खेळ याच गावचे, शिकागोचे. इथल्या हॉल्स्टेड स्ट्रीटवर 1889 पासून हल हाउस नावाची संस्था होती, देशोदेशींहून आलेल्या गरीब कुटुंबांसाठी. तिथे नेवा बॉइड नावाच्या बाईंच्या हाताखाली व्हायोला स्पोलिन शिकल्या आणि पुढे त्यांनी अशाच स्थलांतरितांच्या मुलांसाठी नाटकाचे खेळ तयार केले. पोरांची भाषा वेगळी, घरं वेगळी, सांगून काही कळायचं नाही. खेळवलं की कळायचं. त्यांचा मुलगा पॉल सिल्स 1959 साली ‘सेकंड सिटी’ ही इम्प्रोव्हची नाटकमंडळी काढणाऱ्यांपैकी एक, आणि तिथून हे लोण सगळीकडे गेलं. म्हणजे मूळ खेळ परक्या गावात येऊन पडलेल्यांसाठीच होते. मी काही अगदीच चुकीच्या तळघरात शिरलो नव्हतो. आणि हो, मुरलेले नट मंचावर सर्रास प्रश्न विचारतात. नियम नवशिक्यांपुरता आहे. हे वाचून मला फार बरं वाटलं.

त्या रविवारी घरी फोन केला आणि, मोजू नये ते मोजलं. अकरा मिनिटांत आईचे एकोणीस प्रश्न. ते अपेक्षितच होतं. माझे चौदा निघाले. बीपीची गोळी घेतली? नर्मदा आली का? (बाहेरच्यांसाठी: नळ. 70 किलोमीटरवरून चढून येते, एक दिवसाआड.) गीझर दुरुस्त झाला? डॉक्टर काय म्हणाले? बाबांची उत्तरं ठरलेली: घेतली, आली, झाला, काही नाही. आणि मग त्यांचं नेहमीचं, ‘‘बरं. घे, आईशी बोल.’’ बँकेतल्या खिडकीसारखं. काम झालं, पुढचा या.

ताई इंदुरातच राजेंद्रनगरात राहते, आई-बाबांच्या घरापासून वीस मिनिटांवर. ती यातलं काहीच विचारत नाही. येते, गोळ्यांचं पाकीट उलटं करून मोजते, फ्रिज उघडते, नळाखाली बादली लावते. मला फ्रिज उघडता येत नाही म्हणून मी विचारतो. यात माझं काय चुकतं? दरवर्षी येतो, तिकीट कितीही महाग असो. गीझरही मीच नवा घ्या म्हणत होतो, बाबाच ऐकेनात.

असो. गेल्या रविवारी इथे सकाळचे दहा, तिकडे रात्रीचे साडेनऊ. बाहेर बर्फ. फोन बाबांनी उचलला. चौदाच्या चौदा प्रश्न जिभेवर आले होते. गिळले.

‘‘बाबा, मी सराफ्यात उभा आहे. गराडू तळून राहिले.’’ (बाहेरच्यांसाठी: सराफा म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार, गराडू म्हणजे तिथला थंडीतला तळलेला कंद.)

पलीकडे काही नाही. आता ‘घे, आईशी बोल’ येणार म्हणून मी तयारीत.

‘‘मग जरा बाजूला हो,’’ बाबा म्हणाले. ‘‘मागून स्कूटर येऊन राहिली.’’

मी खरंच ओट्याला चिकटलो.

‘‘गेली,’’ मी म्हणालो. ‘‘गराडूवाला म्हणतो, तुमच्या वडिलांना मसाला जास्त लागतो.’’

‘‘खोटं बोलतो तो. लिंबू जास्त लागतं.’’ मग आवाज खाली आणून, ‘‘आणि हळू बोल. मला तळलेलं बंद आहे, ही ऐकते.’’

ती ऐकतच होती. मागून आवाज आला, ‘‘कोण सराफ्यात? इतक्या थंडीत? स्वेटर घातलाय का त्याने?’’

फोन तोंडापासून दूर न नेता बाबा ओरडले, ‘‘घातलाय! निळा!’’