आमची वाटचाल : आधी छप्पर, मग पॅनेल

आमच्या फर्मची सुरुवात घरगुती वायरिंग आणि इन्व्हर्टर-बॅटरीच्या जोडणीच्या कामांपासून झाली. सौरऊर्जेकडे आम्हाला ग्राहकांनीच वळवले. ज्या घरांचे वायरिंग आम्ही केले होते, त्याच घरांतून ‘छपरावर सौर पॅनेलही तुम्हीच बसवून द्या’ अशी मागणी येऊ लागली. त्या वेळी निळसर पॉलिक्रिस्टलाइन पॅनेल सर्रास वापरली जात आणि एका पॅनेलची क्षमता २५० ते ३०० वॅट असे. आज काळी मोनोक्रिस्टलाइन पॅनेल ५०० वॅटच्या पुढे गेली आहेत आणि त्यांच्यावर पडणाऱ्या ऊर्जेपैकी २१-२२ टक्के ऊर्जेची वीज होते. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौरघट (असे अनेक घट जोडून पॅनेल बनते) जगासमोर मांडला, तेव्हा हे प्रमाण जेमतेम ६ टक्के होते. एवढी प्रगती झालेली असूनही, घरासाठी यंत्रणा निवडून देताना कोणते पॅनेल घ्यावे हा विषय आम्ही सर्वांत शेवटी काढतो. या व्यवसायात आमचे जे काही नाव झाले आहे, ते या क्रमामुळेच झाले आहे असे आम्ही मानतो.

ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती किलोवॅटची यंत्रणा लागेल?’ असा असतो. त्याचे उत्तर देण्याआधी आम्ही मागील बारा महिन्यांची वीजबिले मागून घेतो आणि घरात वीज कोणत्या वेळी जास्त लागते हे विचारतो. किलोवॅट ही क्षमता झाली; घराला लागतात ती युनिटे. भरपूर ऊन मिळणाऱ्या प्रदेशात १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिटांच्या आसपास वीज मिळते, तर ढगाळ हवेच्या प्रदेशात हा आकडा बराच खाली येतो. त्यातही दिवसभर घरात माणसे असलेले कुटुंब आणि सकाळी कुलूप लावून संध्याकाळी परतणारे कुटुंब यांची बिले सारखी आली, तरी त्यांच्या गरजा सारख्या नसतात. जादा वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, देऊन तिची वजावट बिलात मिळण्याची, म्हणजे नेट मीटरिंगची सोय असेल तर हा फरक फारसा जाणवत नाही. ती सोय नसेल किंवा दिलेल्या विजेला दर कमी मिळत असेल, तर यंत्रणा दिवसाच्या वापराएवढीच ठेवणे शहाणपणाचे ठरते.

त्यानंतर छप्पर. हा आमच्या कामाचा गाभा आहे आणि यावर खर्च होणारा वेळ आम्ही कधीच वाया गेलेला मानत नाही. गच्चीवर पाण्याची टाकी, जिन्याची खोली, कठडा, शेजारची इमारत, झाडे आणि केबलचे खांब यांची सावली कुठून कुठे सरकते हे आमचा माणूस सकाळी, दुपारी आणि उन्हे कलताना सावलीची कड खडूने फरशीवर आखून पाहतो. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना १ मीटर उंचीच्या कठड्याची सावली सुमारे पावणेदोन मीटर लांब पडते. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, त्यामुळे उन्हाळ्यात मोकळी दिसणारी जागा हिवाळ्यात सावलीत जाऊ शकते, आणि पाहणी कोणत्याही ऋतूत झाली तरी हिशेब आम्ही हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाचा धरतो. ग्राहकाला पुष्कळदा वाटते की पॅनेलच्या कोपऱ्यावर थोडी सावली आली तर वीजही तेवढ्यापुरतीच घटेल. प्रत्यक्षात पॅनेलमधील घट एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि सावलीतला घट साऱ्या ओळीचा प्रवाह अडवतो. त्यासाठी पॅनेलमध्ये बहुधा तीन बायपास डायोड दिलेले असतात. सावलीतला भाग वगळून ते प्रवाहाला वाट करून देतात, पण तेवढ्यात जुन्या धाटणीच्या पॅनेलचा एक तृतीयांश भाग कामातून जातो. अर्धे कापलेले घट वापरणाऱ्या आताच्या पॅनेलमध्ये वरचा आणि खालचा भाग समांतर जोडलेला असल्याने खालच्या कडेवर सावली आली तरी वरचा भाग काम करत राहतो. म्हणून पॅनेल उभे बसवायचे की आडवे, हेदेखील आम्ही सावलीची दिशा पाहूनच ठरवतो. सावली टाळणे अशक्यच असेल तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर (पॅनेलची एकदिश म्हणजे डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारे छोटे यंत्र) किंवा ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनेलचे उत्पादन वेगळे सांभाळणारे उपकरण) सुचवतो. छप्पर मोकळे असेल तर साधा स्ट्रिंग इन्व्हर्टर (एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या ओळीला, म्हणजे स्ट्रिंगला, मिळून एकच) पुरतो आणि तिथे महागडी साधने विकणे आम्हाला पटत नाही. काही छपरांना आम्ही सरळ नकारही दिला आहे.

दिशेबद्दल लोकांच्या मनात असलेली चिंता मात्र आम्हाला थोडी जास्त वाटते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे तोंड केलेली पॅनेल वर्षभरात सर्वाधिक वीज देतात हे खरे. पण पूर्व-पश्चिम विभागलेली पॅनेल सकाळी आणि संध्याकाळी अधिक वीज देतात आणि अनेक घरांचा वापर नेमका त्याच वेळी असतो.

उष्णता हा दुसरा दुर्लक्षित मुद्दा. पॅनेलवर छापलेली क्षमता घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. कडक उन्हात ते ६५ अंशांपर्यंत चढते, आणि प्रत्येक अंशामागे ०.३५ टक्के घसरण धरली तरी क्षमता १४ टक्क्यांनी उतरते. म्हणून दोन पॅनेलची तुलना करताना आम्ही कार्यक्षमतेच्या आकड्याआधी तापमान गुणांक (दर अंशामागे क्षमता किती उतरते तो आकडा) वाचतो आणि पॅनेल छपराला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल एवढी उंची ठेवतो. थंडीत उलट घडते, व्होल्टेज वाढते; त्यामुळे एका स्ट्रिंगमध्ये किती पॅनेल जोडायची याचा हिशेब थंडीतल्या पहाटेच्या नीचांकी तापमानावर करावा लागतो, नाहीतर इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ओलांडली जाते.

वीज गेल्यावर सौर यंत्रणा चालू राहील, हा समज आम्ही पहिल्याच भेटीत दूर करतो. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिडची वीज जाताच स्वतः बंद होतो, कारण तो चालू राहिला तर तारांवर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. ज्यांना खंडित पुरवठ्याचा खरोखर त्रास आहे त्यांच्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर (बॅटरी जोडता येणारा) आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हा चांगला मार्ग आहे. ही बॅटरी हजारो चार्जिंग-आवर्तने टिकते. मात्र सगळे घर बॅटरीवर चालवण्याचा हट्ट धरू नये. दिवे, पंखे, फ्रीज आणि इंटरनेट यांचे सर्किट वेगळे काढले की लहान बॅटरीत काम भागते. क्वचितच वीज जाणाऱ्या घराला आम्ही बॅटरी घेऊ नका असेच सांगतो, मग व्यवहार लहान झाला तरी चालेल.

फर्म वाढली तशी सर्वांत कडक शिस्त आम्ही जोडणीच्या कामात आणली. पॅनेलच्या तारेला कनेक्टर लावताना पिन दाबायला साधी पक्कड चालत नाही, त्यासाठीच बनवलेले क्रिंपिंगचे हत्यार लागते, आणि दोन वेगळ्या उत्पादकांचे कनेक्टर एकमेकांत बसले तरी ते जोडायचे नाहीत. सैल सांधा तापतो. स्ट्रिंगमध्ये काहीशे व्होल्टची डीसी असते आणि डीसीची ठिणगी एसीसारखी सहज विझत नाही. आमच्याकडे नवीन आलेला मुलगा आधी जमिनीवर बसून ही जोडणी करायला शिकतो, प्रत्येक सांधा ओढून दाखवतो, आणि नंतरच त्याला छपरावर पाठवले जाते. अर्थिंग, सर्ज प्रोटेक्शन (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून संरक्षण) आणि गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) सांगाड्याची वाऱ्याला तोंड देण्याची ताकद या बाबींत आम्ही भावाची घासाघीस मान्य करत नाही.

आता आमच्या दरपत्रकासोबत महिनावार अपेक्षित युनिटांचा तक्ता, सावलीची नोंद आणि स्ट्रिंगचा आराखडा जातो. पॅनेलच्या २५ वर्षांच्या हमीचा अर्थही लिहून देतो. ती बहुधा क्षमतेची हमी असते, म्हणजे मुदतीअखेर मूळ क्षमतेच्या ८० टक्के किंवा त्याहून थोडी अधिक क्षमता राहील एवढेच ती सांगते. सदोष मालाची हमी वेगळी असते आणि पॅनेल उतरवून पुन्हा बसवण्याची मजुरी तीत धरली आहे का, हे वाचून घ्यावे लागते. इन्व्हर्टर साधारण १० ते १५ वर्षांत बदलावा लागतो, म्हणून तो खर्च आम्ही पहिल्याच कागदावर मांडतो. यंत्रणा सुरू झाल्यावर ॲपवरील उत्पादन तक्त्याशी ताडून पाहतो आणि सलग तफावत दिसली तर ग्राहकाचा फोन येण्याची वाट न पाहता स्वतः जातो. बहुतेक वेळा कारण धूळ किंवा पक्ष्यांची विष्ठा असते आणि सकाळी पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने धुतली की उत्पादन पूर्ववत होते.

सुरुवातीच्या काळात बसवलेल्या घरांचे इन्व्हर्टर बदलण्याची कामे आता येऊ लागली आहेत. ती करताना बहुतेक कुटुंबे विजेवर चालणाऱ्या गाडीच्या चार्जिंगचाही विचार करायला सांगतात. म्हणून हल्ली नव्या कामात जादा तारांसाठी एक रिकामा पाइप आणि वितरण पेटीत मोकळी जागा आम्ही न विचारताच सोडतो.